दत्तामामांच्या ओडिया बातम्या

आमच्या दत्तामामांकडे संध्याकाळी जायचं असेल तर तोंडाला कुलूप लावून जावं. तेव्हा ते बातम्या ऐकत असतात. ओडिया भाषेतल्या. मामांचा जन्म कुडपणचा, हयात गेली बिरवाडीत, आणि पूर्वेला ते कधी पुण्यापलीकडे गेलेले नाहीत.

फुकटच्या डिशच्या छत्रीवर देशभरच्या सरकारी वाहिन्या दिसतात. त्यातली नेमकी ही एक लावून मामा पाय वर घेऊन बसतात. निवेदिका बोलते, मामा मान डोलावतात. मध्येच "अरारा" म्हणतात. एकदा मी विचारलं, "काय झालं मामा?"

"ते मलाबी नाय समजलं. पन तिचा चेहरा पडला ना रे!"

मामी मला स्वयंपाकघरात ओढून म्हणतात, "मालिका बगून जमाना झाला. आता सपनातबी तीच बाय बातम्या सांगते."

एकदा मी धीर करून रिमोट उचलला आणि मराठी लावलं. मी अर्धं टक्कल पडलेला, महाडच्या बाजारपेठेत दुकान असलेला माणूस. पण मामांनी हातावर अशी चापट मारली की मी मुकाट चहा प्यालो.

गेल्या पावसाळ्यात सावित्री नदीचं पाणी दुकानात शिरलं. मी पोती माळ्यावर चढवतोय, तेवढ्यात मामांचा फोन.

"लय पाऊस हाय रे. पानी भरलंय सगलीकडं."

"माहीत आहे मामा, गुडघाभर पाण्यात उभा आहे मी!"

"तुजं नाय. कटकचं बोलतोय." मग जरा थांबून, "तुज्याकडं पन हाय काय?"

ही कटकची भानगड अशी. मामांच्या मागच्या खोल्यांत कारखान्यातले कामगार भाड्याने राहायचे. त्यात ओडिशातल्या कटकचा एक फिटर आला आणि मामांची एकुलती एक सुनंदा त्याच्याशी लग्न करून गेली. मामांनी आधी खूप आदळआपट केली, मग मांडवात स्वतः फिरून जिलबी वाढली. पुढे नात झाली, मिनू. फोनवर मिनू ओडियात चिवचिवायची, मामा इकडून मराठीत गरजायचे, आणि सुनंदा मध्ये बसून याचं तिला, तिचं याला सांगायची.

दोन वर्षांपूर्वी सुनंदा तापाने गेली. जावई कामासाठी सुरतेला असतो, मिनू तिकडच्या आजीकडे. त्या दोघींना मराठीचं अक्षर येत नाही. सुनंदा गेल्यावरच्या पहिल्या फोनवर मामा नुसतं "मिनू, मिनू" म्हणत राहिले. पलीकडून ती "अजा, अजा". अजा म्हणजे आईचे वडील. एवढ्यावरच फोन संपला.

दुसऱ्याच दिवशी मामांनी ती वाहिनी शोधून काढली. "चार शब्द यायला नकोत? नायतर पोर उद्या फोनवर यायची नाय."

पण बातम्या ऐकून भाषा शिकलेला माणूस बातम्यांसारखाच बोलणार. गेल्या रविवारी तिचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. मामांनी शर्टाची वरची गुंडी लावली, ताठ बसले आणि निवेदिकेच्या चालीवर सुरू झाले, "नमस्कार, आजिर मुख्य खबर..."

पलीकडे मिनू खदखदून हसली. मामांना चेव आला. किनारपट्टीला पाऊस पडणार असल्याचंही त्यांनी नातीला कळवून टाकलं. ती आणखी हसली. मामी पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या.

मग मिनू काहीतरी बोलू लागली. हळू आवाजात, बराच वेळ. शेवटी ती काहीतरी विचारत होती, एवढं मलाही कळलं. त्यात 'मा' हा शब्द दोनदा आला. मामांनी माझ्याकडे पाहिलं. एरवी गावभर सल्ले देत फिरणारा मी, पंख्याकडे बघू लागलो. तिने पुन्हा विचारलं, अगदी सावकाश, लहान मुलाला विचारावं तसं.

"हँ," मामा म्हणाले. हँ म्हणजे हो.

मग फोन बंद झाला.

मामा फोन हातात धरून बसून राहिले.

"इतकं बगतोय," ते म्हणाले, "पन बातम्यांत आयचं कोन बोलतच नाय रे."

मामी आत निघून गेल्या. मामा माझ्याकडे वळले.

"मी हो म्हनलो. बरोबर हाय ना?"

"बरोबर आहे, मामा," मी म्हणालो.