खिट्टीवाचून दिलेली चावी

खिट्टी मागाहून बसवू, आधी चावी देऊन तर बघू, असं मी ठरवलं आणि तिथंच माती खाल्ली.

घड्याळ मी स्वतः बनवलेलं. आठ महिने मागच्या खोलीत बसून पितळी पत्र्यातून एकेक चाक कापलं, एकेक दाता घासला. (शाळा चौथीत सुटली, पण कानशीला इंग्रजी येत नाही, म्हणून आमचं जमतं.) आता खिट्टी म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर तुम्ही नुसत्या माना डोलवाल. चावी दिली की स्प्रिंग आवळते. ती उलटी सुटू नये म्हणून चाकाच्या दात्यात बोटभर लोखंड अडकवतात. तीच खिट्टी. ती पडली होती टेबलाच्या पार त्या टोकाला. माझा उजवा हात चावीवर, डावा सांगाड्यावर. हात सोडला की स्प्रिंग भर्रकन सुटणार आणि आठ महिन्यांचे दाते खोलीभर उडणार.

हाक मारली असती तर बायको आली असती. पण सकाळीच तिला ठणकावलं होतं, "माझ्या कामात लुडबुडायचं नाही. तुझ्यावाचून माझं काही अडत नाही!"

अर्धा तास गेला. बोटांना घाम सुटला. त्यात नाकावर माशी बसली. (एवढं घर मोकळं पडलं होतं, पण तिला माझंच नाक आवडलं.)

तेवढ्यात ही दारात.

"अहो, जेवायला वाढू?"

"भूक नाही."

"तोंड का असं लाल झालंय?"

"माझं तोंड आहे. मी ठेवीन तसं राहील."

"राहू दे बापडं." ती वळली.

चावी बोटांत जराशी मागं सरकली. कर्रर्र!

"थांब!"

"आता काय?"

"ते टेबलावरचं लोखंड... दे जरा. सहज."

"घ्या की उठून. तुमचं कुठं अडतंय?"

"अगं, हात सोडता येत नाहीये!" मी ओरडलो. डोळ्यांत पाणी आलं होतं. (माशीमुळे.)

तिनं चष्मा चढवला. चाक निरखलं, खिट्टी चाकाशेजारच्या खिळ्यावर चढवली आणि दात्यात टेकवली.

"सोडा."

"नीट बसलीय?"

"सोडा म्हणते ना!"

मी डोळे मिटून बोटं उघडली. टक्! स्प्रिंग अडली. एकही दाता तुटला नाही. लंबकाला टिचकी मारली, तशी टिकटिक सुरू झाली. माझी छाती अशी फुगली की काय सांगू.

"बघ! याला म्हणतात कारागिरी!"

ती वाकून बघत राहिली. "अहो, हे काटे उलटे चाललेत."

मी बघितलं. मोठा काटा बारावरून थेट अकराकडे निघाला होता. मधलं एक चाक मी घालायचंच विसरलो होतो.

"खोलून परत करतो," मी पुटपुटलो.

"कशाला? चालू द्या तसंच," ती म्हणाली. "आपल्या लग्नाच्या दिवसापर्यंत पोचलं की सांगा. मी या खेपेला नाही म्हणते."