दिवाणखान्यातल्या झोपडीसाठी लाकूड : निवडीचे निकष

माणूस पक्क्या घरात राहायला गेला की त्याला कच्च्या घराची ओढ लागते, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. (उलट प्रवास करणाऱ्यांचं मत या विषयात घेतलं जात नाही.) राहात्याजवळच्या आमच्या गावात अमृतने पेरूच्या बागेला लागून तीनमजली बंगला बांधला, सगळीकडे गुळगुळीत संगमरवर घातला, त्यावरून स्वतः दोनदा घसरला आणि मग त्याला दिवाणखान्यात 'केबिन लुक' हवासा वाटू लागला.

केबिन म्हटलं की आमच्याकडे एक तर ट्रकची, नाहीतर डॉक्टरची. त्यामुळे अमृतला काहीतरी दुखणं झालंय, अशी गावाची समजूत झाली आणि माणसं केळी घेऊन बघायला येऊन गेली. शेवटी पुण्याच्या डिझायनर पंकजामॅडम यांनी खुलासा केला, की केबिन म्हणजे जंगलातली लाकडी झोपडी; ती एसीच्या खोलीत उभारायची असते. त्यासाठी लाकूड निवड समिती नेमण्यात आली. समितीत अमृत, मॅडम आणि मी. (मी निवृत्त मुख्याध्यापक असल्याने कोणत्याही समितीत असतोच.)

निकष मी लिहून काढले. लाकूड जुनं हवं, पण म्हातारं दिसू नये. उन्हाने करपलेलं, पावसाने फुगलेलं, तरी एसीत न वाकणारं असावं. किमान सात ओरखडे हवेत. वाळवीने खाल्लेली जागा चालेल, मात्र वाळवी सध्या हजर नसावी. धुराचा डाग असल्यास पाच गुण जादा. मुख्य म्हणजे लाकडाने कष्ट केलेले असावेत, म्हणजे मालकाला वेगळे करावे लागत नाहीत.

वखारीत असं लाकूड मिळेना. सुप्याहून कारखान्यातल्या पेट्यांच्या फळ्या आणल्या, त्या फार सुखवस्तू निघाल्या. सुताराने त्या साखळीने बडवून दिल्या, तर मॅडम म्हणाल्या, यात वेदना दिसत नाही.

वेदना अमृतच्याच शेतात, उसाच्या कडेला सापडली. बायडाबाई आणि तिचा नवरा सहादेव पाथर्डीकडून ऊस तोडायला आले होते, ते अमृतकडे सालगडी म्हणून राहिले. बैलगाडी मोडली तेव्हा सहादेवने तिच्या फळ्यांचं उसाकडेच्या राहत्या खोलीला दार केलं. पुढे सहादेव वारला; दार राहिलं. समितीने त्याला शंभरपैकी एकशे पाच गुण दिले. दारावर सरकारी कागदही चिकटवलेला होता : 'परिसरात बिबट्याचा वावर आहे. दारे बंद ठेवावीत.' मॅडम हरखल्या. कागद काढू नये, त्याने जंगलाचा फील येतो, अशी त्यांनी लेखी सूचना दिली.

मोबदला म्हणून बायडाबाईला फुलाफुलांचा पडदा मंजूर झाला. (लोखंडी दार द्यावं असं मी सुचवलं होतं; उसाशेजारी लोखंड विजोड दिसेल म्हणून ते फेटाळलं गेलं.) तिने कुरकुर केली तेव्हा अमृतने धार्मिक बाजू समजावून सांगितली.

"मावशी, शिंगणापूरला कुठं दारं हायेत घरांना? काय बिघडलंय त्यांचं?"

"तिथं चोराला भ्याव हाय, दादा. बिबट्याला कोन सांगंल शनिदेवाचं? माझी नात निजती आतमंदी."

मला लाज वाटली, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. चहा येईपर्यंत वाटत होती. नंतर ठराव एकमताने मंजूर झाला. (बायडाबाई समितीत नव्हती.)

दार सोफ्यामागच्या भिंतीवर लागलं. मागे भिंतच असल्याने ते उघडत नाही, त्यामुळे अतिशय सुरक्षित आहे. पाचव्या दिवशी कळलं, की बिबट्याने बायडाबाईच्या खोलीत शिरून नातीच्या उशाशी बांधलेली शेळी नेली. पडद्याला ओरखडाही नाही. कापडाचा दर्जा यावरून दिसतो.

त्याच सकाळी बायडाबाई नातीला कडेवर आणि वळकटी डोक्यावर घेऊन बंगल्यावर आली. रडली नाही. सोफा पुढे ढकलून तिने दारापाशी वळकटी पसरली.

"दार हितं हाय, तर आमी बी हितंच."

"अवो मावशी, ते शोचं दार हाय आता," अमृत म्हणाला.

"मला ठाव हाय ते कशाचं हाय. खिळं ठोकताना म्याच धरलं हुतं."

समितीची तातडीची बैठक भरली. पॉलिश झाल्यामुळे दार पुन्हा उन्हात लावता येत नाही, असा मॅडमनी अभिप्राय दिला. शिवाय केबिनमध्ये माणसं राहू लागली की केबिन लुक जातो. मात्र आजी, नात आणि दार असा एक फोटो तेवढा घेण्यात आला. मग बायडाबाईला आधीपेक्षा जाड पडदा आणि नातीला संकटसमयी वाजवायला शिट्टी देऊन दोघींना खोलीवर पोचवण्यात आलं. जाताना बायडाबाईने दाराकडे पाहिलंही नाही. नात मात्र शिट्टी वाजवत गेली.

फोटो सध्या मोबाईलवर फिरतो आहे. आजवर दोनशे बारा जणांनी चौकशी केली. दोनशे अकरा जणांनी विचारलं, लाकूड कोणतं आहे? एकाने पॉलिशचं नाव विचारलं.

तुम्ही इथवर वाचलंत, म्हणजे तुम्हाला त्या पोरीची काळजी वाटली असणार. ती वाटायलाच हवी, आम्हालाही वाटली. पाथर्डीकडे अशी दारं अजून पुष्कळ आहेत. काळजी वाटून झाली की तुमच्या भिंतीचं माप तेवढं कळवा.