कुसुमकाकूंचा अंगठा

आमच्या सोसायटीत कुणाला दिवस गेले की ती बातमी सासूच्या आधी कुसुमकाकूंना कळायची. जिन्यातच गाठून त्या म्हणायच्या, "साडी वर घे जरा," आणि नडगीवर अंगठा रोवायच्या. खड्डा लगेच भरला तर, "जा, भाजी आण." राहिला तर "मीठ बंद" म्हणत त्या पोरीच्या घरातले पापड, लोणचं, सुकट काकू स्वतः उचलून नेत.

तेव्हा वाशी नवी होती. इमारती भराभर उठत होत्या, डॉक्टर मात्र शोधावे लागत. मला दिवस गेले तेव्हा काकूंनी ऐन हळदीकुंकवात माझ्या सासूबाईंना विचारलं, "तुमच्या बाळंतपणात पाय सुजलेले? झटके आलेले?" सासूबाईंनी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. बायका हसल्या. मीही हसले, पण घरी येऊन दार लावलं आणि भीत भीत पाय दाबून बघितले.

पुढे त्यांची नलू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. चेहरा भरलेला, बांगड्या मनगटात रुतलेल्या. "माहेर मानवलं हो!" बायका म्हणाल्या. काकूंनी मात्र तिच्या पायाला हात लावला नाही. मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाल्या, "तू बघ. माझ्यानं नाय होत."

मी दाबलं. खड्डा तसाच राहिला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी प्रेशर बघितलं, पुन्हा बघितलं आणि नलूला ठेवूनच घेतलं. "घरात कुणाला असं झालं होतं?" त्यांनी विचारलं. काकूंनी मान वळवली. शेजारी नलूची सासू उभी होती. लग्न जुळवताना तिला काही सांगितलं नव्हतं.

"माझ्या आईला," काकू शेवटी म्हणाल्या. "झटके येऊन गेली. गावानं भूत म्हटलं, भगत आणला. थोरली बहीणपण तशीच गेली."

विहीणबाईंनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "वाचेल ना ही?"

त्यानंतर काकूंचा एकच धोशा, "देवा, मुलगाच दे." विहीणबाई वैतागल्या, "अहो, आमाला मुलगीपण चालेल!" एवढ्या काळजीत हिला नातवाची हौस कसली, म्हणून मलाही राग आला.

मुलगी झाली. वेळेआधीची, मूठभर. दोघी वाचल्या. काकू बाळाकडे बघून हमसाहमशी रडायला लागल्या.

"मुलगी झाली म्हणून रडताय?" मी चिडून विचारलं.

"नाय गं. आमच्याकडे हे बायकांनाच धरतं," त्या म्हणाल्या. "हिची वेळ येईल तेव्हा मी नसेन."