गुलाबरावांची स्टार्ट लाइन

माझ्या मुलीच्या दहाव्या वाढदिवसाला केक कापायच्या बरोब्बर पाच मिनिटं आधी गुलाबराव डांगोऱ्यांनी शिट्टी वाजवली. हॉलमधली सगळी पोट्टी दचकली. चार मिनिटं राहिली तेव्हा दुसरी शिट्टी. एक मिनिट राहिलं तेव्हा तिसरी, चांगली लांबलचक. मधल्या वेळात कोणी केकजवळ सरकलं की गुलाबराव हात आडवा घालत. शेवटी पोरीला दम निघेना, तिनं सुरी टेकवलीच.

"रिकॉल!" गुलाबराव ओरडले. "तीन सेकंद आधी झालं! सुरी मागं घे, बेटा. मेणबत्त्या पुन्हा पेटवा."

आणि आम्ही मुकाट्यानं पेटवल्या! पाहुणे गेल्यावर माझ्या बायकोनं, वर्षानं, विचारलं, "हा माणूस कोण आहे हो तुमचा?" मी म्हटलं, आमचा रेस ऑफिसर. तिला आधी वाटलं, घोड्यांचा.

नागपुरात शिडाच्या होड्यांची शर्यत होते म्हटलं की पुण्या-मुंबईचे पाहुणे हसतात. हसोत बापडे. शहराच्या पश्चिमेला तलाव आहे, तलावावर आमचा क्लब आहे, क्लबात एकच माणूस मावेल अशा बारा-चौदा डिंग्या, म्हणजे छोट्या शिडाच्या होड्या, आहेत, आणि दिवाळीपासून होळीपर्यंत दर रविवारी आम्ही पोटं सुटलेले लोक त्यांत बसून एकमेकांच्या अंगावर ओरडतो. मी मिहानमधल्या एका कंपनीत आठवडाभर "येस सर" म्हणत असतो, त्यामुळे हे ओरडणं मला औषधासारखं लागतं.

आता शिडाची होडी काही स्कूटरसारखी ब्रेक मारून उभी राहत नाही. म्हणून सुटायची एक पद्धत आहे. धक्क्यावर झेंड्याचा खांब, तिकडे पाण्यात तरंगणारा नारंगी बोया, आणि दोघांच्या मध्ये नजरेनं ओढलेली रेघ. ती स्टार्ट लाइन. पाच मिनिटांवर एक झेंडा चढतो, चारवर दुसरा चढतो, एकवर दुसरा उतरतो, आणि शून्यावर पहिला उतरला की सुटायचं. तोवर सगळ्या होड्या रेघेच्या अलीकडे घिरट्या घालत असतात. कोणी वीतभर जरी आधी पुढे गेला, तर रेस ऑफिसर शिट्टी मारतो आणि निळ्या फुलीचा पांढरा झेंडा लावतो. हा रिकॉल. त्या होडीनं मागं यायचं, रेघेच्या आत जायचं आणि पुन्हा निघायचं. नाही आला, तर तो पहिला पोचो की शेवटचा, निकालात त्याचं नाव नाही.

आणि मला, खरं सांगतो, थांबताच येत नाही. सिग्नल लाल असताना हॉर्न वाजवणारा जो माणूस तुम्हाला डोक्यात जातो ना, तो मीच. अकरा वर्षांत निळ्या फुलीचा मान सगळ्यांत जास्त वेळा मला मिळाला. दर वेळी मी धक्क्यावर येऊन भांडलो. दर वेळी गुलाबराव म्हणाले, "प्रमोद, तुह्या होडीचं नाक दीड हात पुढं होतं. मले दिसलं. बस." आणि दर वेळी त्यांचंच बरोबर होतं, हे मी आजच पहिल्यांदा कबूल करतोय.

स्वतः गुलाबराव कधी होडीत बसले नाहीत. पोहताही येत नाही. घर काटोलकडचं, संत्र्याच्या बागेचं. बाग थोरला भाऊ पाहतो. गुलाबराव पाटबंधारे खात्यात लागले आणि उभी नोकरी पाण्याची पातळी वहीत लिहिण्यात काढली. लग्न केलं नाही. काहून नाही केलं, असं कोणी विचारलंच तर म्हणतात, "एन्ट्रीची मुदत निघून गेली गा." रिटायर झाल्यावर एका रविवारी नुसते तलावाच्या काठावर बसले होते. त्या दिवशी आमचा झेंडेवाला आला नव्हता, तेव्हाच्या सेक्रेटरींनी यांनाच बोलावून झेंडा हातात दिला. पुढच्या रविवारी हे नियमांचं अख्खं पुस्तक पाठ करून हजर! त्याला चौदा वर्षं झाली. आठच्या शर्यतीला सहाला येतात. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात शिट्टी, दोन मनगटांवर दोन घड्याळं. एक बंद पडलं तर?

एकदा ते माझ्या स्कूटरवर मागं बसले होते. शंकरनगर चौकात डावीकडून सिटी बस आली, तर हे मागून किंचाळले, "स्टारबोर्ड!" म्हणजे आम्ही उजव्या बाजूनं येतोय, वाट आमची. बसवाल्यानं जे उत्तर दिलं ते इथं लिहिण्याजोगं नाही. गुलाबरावांनी खिशातून डायरी काढून बसचा नंबर टिपून घेतला.

अशा माणसाला लोक कंटाळणारच. कमिटीत डॉक्टर बोरकर आहेत, धरमपेठेत त्यांचा दातांचा दवाखाना आहे, आणि शर्यतीत ते माझे पक्के वैरी आहेत. त्यांनी मीटिंगमध्ये सरळ सांगितलं, "काकांचं वय झालं. आता एक चूक सापडू द्या, आपण दुसरा माणूस आणू." हे गुलाबरावांच्या कानावर गेलं होतं. ते म्हणाले, "बराबर हाय. चूक झाली का मी चाललो." पण चौदा वर्षांत चूक झालीच नव्हती.

झाली ती नेमकी मोसमाच्या शेवटच्या रविवारी.

बोरकर आणि मी गुणांत बरोबरीत होतो. अकरा वर्षांत मला चषक एकदाही मिळाला नव्हता. जो जिंकेल, चषक त्याचा. घरून निघताना वर्षानं बजावलं होतं, "एकदा तरी थांबा, माझी शपथ आहे." मी थांबलो. सगळ्या होड्या धक्क्याच्या बाजूला खेटल्या होत्या, मी एकटा पार बोयाजवळ. शून्य झालं, झेंडा उतरला, आणि मग मी निघालो. देवाशपथ, मग निघालो! तर मागून शिट्टी. वळून पाहतो, निळी फुली. माझंच नाव पुकारून राहिले होते.

डोकं सटकलं. नाही म्हणजे नाही, मागं यायचं नाही! तसाच गेलो, आणि सगळ्यांच्या आधी पोचलो. पण पोचल्याची शिट्टी धक्क्यावरून वाजली नाही. जणू पाण्यातून म्हैस पोहत आली, असं समजून गुलाबरावांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. मागून बोरकर आले, त्यांच्यासाठी वाजली. शेवटची होडी आल्यावर मी सगळ्यांदेखत गुलाबरावांना म्हटलं, "काका, आता एक दुर्बीण घ्या!" आणि तडक प्रतापनगरला घरी निघून आलो.

बूट कोपऱ्यात भिरकावले. चहा नको म्हटलं. मग चहा काहून केला नाही म्हणून ओरडलो. तेवढ्यात खालून शिट्टी. गेटपाशी गुलाबराव, जुन्या स्कूटीवर, काखेत फाइल.

"प्रमोद, तू काहून निघून आला? तक्रारीचा फॉर्म कोण भरन?"

"मला नाही भरायचा."

"अकरा वाजून दहा मिनटापर्यंत मुदत हाय. शेवटच्या होडीपासून दीड तास. आता पंचेचाळीस मिनटं राहिली. पेन घे."

"काका, आधी बसा न," वर्षा म्हणाली. "पोहे होऊन राहिले."

"पोहे मुदतीनंतर, बेटा."

उभ्याउभ्याच त्यांनी सांगितलं. शर्यत संपल्यावर मोटरबोटवाले रहीमभाई बोया उचलून धक्क्यावर घेऊन आले. गुलाबराव त्यांना म्हणाले, अजून एक राहिला ना तिकडे. रहीमभाई म्हणाले, साहेब, वो तो मछलीवालों का डब्बा है.

"मी ज्याले बोया समजून रेघ धरली, तो जाळ्याले बांधलेला डबा होता गा. बोयाच्या पाच-सहा हात मागं, तुमी थांबले होते त्या बाजूले. तिकडे तू एकटाच होता, म्हणून तूच सापडला. तू बराबर होता, प्रमोद. मी चुकलो."

"पाहिलंस? मी बरोबर होतो!" मी वर्षाला ओरडून सांगितलं. तिनं डोळे वटारले. मग डोक्यात उजेड पडला. बोया म्हणजे रांजणाएवढा गोल. डबा म्हणजे तेलाचा पाच लिटरचा असतो ना, तेवढा. चांगल्या डोळ्यांच्या माणसाचा हा घोटाळा होणं शक्य नाही.

"काका, तुम्हाला लांबचं दिसत नाही का?"

"जवळचं दिसते."

"मग इथवर आलात कसे?"

"एका ऑटोच्या मागं-मागं. तो थांबला का मी थांबो."

वर्षानं पुढे होऊन त्यांच्या हातातली स्कूटीची किल्ली काढून घेतली.

मी पेन खाली ठेवलं. फॉर्म भरला तर चषक माझा होता, पण बोरकरांना हवी होती ती एक चूक त्यांच्या हातात आयती पडणार होती. मी म्हटलं, "जाऊ द्या काका. पुढच्या वर्षी जिंकीन. कोणाला सांगू नका."

गुलाबरावांचा आवाज चढला. असा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "दया करून राहिला का माह्यावर? चौदा वर्षं मी तुमाले वापस बोलावलं. एका खेपेले चुकीचं बोलावलं अन् गप बसलो, त मागचं सारं खोटं होते ना गा!" मग ते सोफ्याच्या कडेवर टेकले. "अन् मले काही गोड नाही वाटून राहिलं. सोमवारपासून शनिवारपर्यंत मले कोणी हाक मारत नाही, प्रमोद. दूधवाला पिशवी टांगून जाते. रविवारी पाच मिनटं तुमी सारे माह्या हाताकडे पाहता. तेवढंच हाय माह्यापाशी. पण भर तू फॉर्म."

वर्षा स्वयंपाकघराच्या दारात चमचा हातात घेऊन उभी होती, तिनंही 'भरा' म्हणून मान डोलावली. मी फॉर्म भरला.

त्यांना स्कूटरवर मागं बसवून मी क्लबात पोचलो तेव्हा अकरा वाजून चार मिनिटं झाली होती. आमच्या अध्यक्ष सुधाताई, कॉलेजच्या निवृत्त प्राचार्या, सुनावणीला बसल्या. रेस ऑफिसरची उलटतपासणी घ्यायची असते, पण ती घ्यायचा कोणाला धीर होईना. तेव्हा गुलाबरावांनी ती स्वतःच घेतली. "प्रश्न: रेस ऑफिसरले बोया दिसला का? उत्तर: नाही दिसला. प्रश्न: कधीपासून नीट दिसून नाही राहिलं? उत्तर: दिवाळीपासून." सुधाताईंना लिहून घेता घेता दोनदा चष्मा पुसावा लागला. निकाल झाला. मी पहिला, चषक माझा. अकरा वर्षं ज्याची वाट पाहिली ती गोष्ट मिळाली, आणि मला तिचं काय करावं ते कळेना.

बोरकर उठले. मला वाटलं, आता हे बोलणार. पण त्यांनी खिशातून दात तपासायचा छोटा टॉर्च काढला आणि गुलाबरावांची हनुवटी धरून डोळ्यांत उजेड टाकला.

"काका, हा तर मोतीबिंदू आहे! दातांच्या डॉक्टरलासुद्धा दिसतोय. अर्ध्या तासाचं काम असतं हो हे. कोणाला दाखवलं नाहीत?"

"दाखवलं ना." गुलाबरावांनी फाइल उघडून दवाखान्याचा फॉर्म टेबलावर ठेवला. दोन तारखा मिळालेल्या होत्या, दोन्ही उलटून गेलेल्या.

सुधाताई म्हणाल्या, "गुलाबराव, झेंडा आता ऑपरेशननंतरच. तोपर्यंत मला तो देता येणार नाही."

"बराबर हाय, मॅडम."

"मग दोनदा तारीख मिळूनही ऑपरेशन काहून नाही झालं?" सुधाताईंनी विचारलं.

गुलाबराव घड्याळ पाहू लागले. एक पाहिलं, मग दुसरं. "त्याहीचा नियम हाय. सोबतीच्या माणसाशिवाय भरती करत नाहीत. दोन्ही खेपेले मी टेबलापर्यंत पोचलो. सोबत कोण, म्हणे. मी म्हटलं, कोणी नाही. वापस पाठवलं. त्याहीचं काही चुकलं नाही."

"भावाला सांगायचं होतं," मी म्हटलं.

"सांगतलं. तो म्हणे, संत्र्याची तोडणी होऊ दे. दोन तोडण्या झाल्या."

बोरकरांनी टॉर्च विझवला. अकरा वर्षं दर रविवारी मी या माणसाशी तावातावानं भांडलो, आणि आठवड्याचे बाकीचे सहा दिवस तो कसे काढतो हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली. मी फॉर्म पुढे ओढला. "सोबत येणाऱ्याचे नाव" असा रकाना रिकामा होता. त्यात माझं नाव लिहिलं, फोन नंबर लिहिला. त्याखाली होतं, "रुग्णाशी नाते". मी "पुतण्या" लिहायला घेतलं. गुलाबरावांनी माझं मनगट धरलं.

"खोटं लिहाचं नाही, प्रमोद. माह्ये पुतणे मले ठाऊक हायेत."

"मग काय लिहू?"

त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं, नाक कागदाला टेकेल इतके वाकले, आणि एकेक अक्षर कोरून लिहिलं: "घरचा".

"वाचता येते का गा?" त्यांनी विचारलं.

"येते, काका," मी म्हटलं. फॉर्मची घडी केली आणि ती त्यांच्या फाइलमध्ये न ठेवता माझ्या खिशात ठेवली. "उद्या सकाळी दवाखान्यात नवी तारीख मागू. तुम्हाला न्यायला येतो."