डिकीतलं वजन

आमच्या गाडीच्या मागच्या बाजूने ‘टक्’ असा आवाज आला, तेव्हा फक्त मी दचकले. (यात नवल नाही. टोस्टरमधून टोस्ट वर आला तरी मी दचकते, आणि टोस्टर मीच लावलेला असतो.)

“कसला आवाज रे?”

“रस्ता खराब आहे,” नवरा म्हणाला.

पुढे चांगला रस्ता लागला. आवाज येतच राहिला.

“हाही खराबच आहे,” तो म्हणाला.

आठवड्याभरात त्या ‘टक्’ला पिल्लं झाली. शेवटी मेस्त्रींना गाडी दाखवली. त्यांनी मागून ती एकदा दाबून सोडली, तर ती पाळण्यासारखी डुलतच राहिली. “डावा शॉकअप गेलाय. सोमवारी आणा, बदलून देतो,” एवढं बोलून ते दुसऱ्या गाडीखाली शिरले.

“सोमवारी!” नवरा घरी येताना म्हणाला. “अगं, दोन तर बोल्ट आहेत. एक वर, एक खाली. मी घरीच करतो.”

आजवर जगात जेवढे संसार बुडाले असतील, त्यातले निम्मे तरी ‘दोन तर बोल्ट आहेत’ या वाक्यावर आपटले असावेत. शिवाय हा गृहस्थ कचेरीत स्टेपलरच्या पिना भरायला शिपायाला बोलावतो. पण त्याने तीन व्हिडिओ पाहिले होते. (त्यातला एक मोटरसायकलचा होता.)

आता मुहूर्त. शनिवारी दुपारी बारा वाजता माझी मुलाखत होती. भौतिकशास्त्राची व्याख्याती म्हणून. दोन वर्षांत एकोणीस अर्ज केले होते मी, आणि बोलावणं आलं होतं ते एवढंच. नवरा मला गाडीने सोडणार होता. म्हणून त्याने गाडी खोलायला शनिवारची सकाळ निवडली.

“दहापर्यंत होतंय. तू दुरुस्त गाडीतून ऐटीत जाशील.”

हत्यारं अशी होती: एक हातोडी, एक पक्कड, चार पाने, पैकी दोन एकाच मापाचे, आणि सासूबाई डब्यांची झाकणं उचकटतात तो स्क्रूड्रायव्हर. जुना बोल्ट गंजला होता. नवऱ्याने आधी पाना लावला, मग पान्यावर पाय दिला, मग पान्यावर उभा राहिला. पाना सटकला. मी किंचाळले. बोल्ट ढिम्म.

“तू किंचाळतेस म्हणून सटकतो तो!” गाडीखालून आवाज आला.

साडेदहाला जुना शॉकअप निघाला. नवऱ्याने तो शिकारीसारखा वर धरून सासूबाईंना दाखवला. “छान,” त्या म्हणाल्या, “पण हा काढायचा होता की बसवायचा?”

नवा वरच्या बाजूला बसला. खाली मात्र भोकाला भोक जुळेना. बोटभर अंतर राहत होतं.

“गाडी जरा खाली दबली पाहिजे,” नवरा म्हणाला आणि माझ्याकडे पाहू लागला. एखाद्या पोत्याकडे पाहावं तसं.

मी मुलाखतीचे इस्त्रीचे कपडे घालून, फाइल काखेत मारून उभी होते. तशीच डिकीत जाऊन बसले. (का बसले, हे विचारू नका. मला कोणी घाईत काही सांगितलं की मी आधी करते आणि मग घाबरते.)

“अजून मागे सरक. अजून. बस! जुळलं!” हातोडीचे दोन ठोके पडले. “बोल्ट गेला गं आरपार! आता फक्त नट.”

नट गटारात गेला. त्याचा आवाज मी ऐकला. एवढासा आवाज, पण मी दचकले.

नवरा बाहेर आला, तोंडाला ग्रीस फासलेलं. “मी दुकानातून नट घेऊन येतो, पाच मिनिटांत. तू हलू नकोस हं!”

“का?”

“का काय? तुझ्या वजनावर सगळं अडलंय. उठलीस तर स्प्रिंग उसळेल, बोल्ट गोळीसारखा सुटेल. खिडकीत आई बसलीये!”

आणि गेला. तेव्हा अकराला दहा कमी होते.

अकरा वाजले. सव्वा अकरा झाले. मी श्वाससुद्धा बेताने घेत होते, न जाणो वजन कमीजास्त व्हायचं. नवऱ्याला फोन लावला. घंटी माझ्याच बुडाखाली, गाडीखाली पान्यांच्या ढिगात वाजली. मी अशी उडाले, की उडाले म्हणून पुन्हा घाबरले, आणि डिकीची कड घट्ट धरून बसले.

सासूबाई खिडकीतून म्हणाल्या, “अगं, बारा वाजायला आले. उतर की.”

“उतरले तर उसळेल हो!”

“काय उसळेल?”

“स्प्रिंग! बोल्ट थेट तुमच्या खिडकीत येईल.”

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. “मग बस,” म्हणाल्या, आणि खिडकी लावून घेतली.

“तुम्ही येता का दोन मिनिटं माझ्या जागी बसायला?” मी बंद खिडकीला विचारलं. खिडकीने पडदाही ओढून घेतला.

मेस्त्रींना सहा वेळा फोन केला. उचलला नाही. ते कुणाच्या तरी गाडीखाली शहाण्यासारखं काम करत असणार. बाराला वीस कमी असताना मी कॉलेजचा नंबर फिरवला. एकदा, दोनदा, पाचदा नुसतीच घंटी. नवरा म्हणून निवडताना या माणसात मी काय पाहिलं होतं, याचा मी पाचही वेळा नीट विचार केला. (शांत स्वभाव. गाडीखालचा धोंडाही शांतच असतो.)

बाराला पाच कमी असताना पलीकडून कोणीतरी फोन उचलला.

“भौतिकशास्त्र विभाग. विभागप्रमुख बोलतोय.”

मी एका दमात सगळं ओतलं: मुलाखत, शॉकअप, गटारातला नट, डिकी, सासूबाईंची खिडकी. “सर, मी उठले तर बोल्ट सुटेल, म्हणून अर्धा तास उशीर होईल, प्लीज!”

त्यांनी एकेक मुद्दा तपासायला घेतला.

“बोल्ट दोन्ही भोकांतून आरपार गेलाय?”

“हो, सर.”

“आणि गाडीचा भार त्याला आडवा दाबून धरतोय?”

“हो, सर.”

“मग तुम्ही तिथे बसल्याने नेमकं काय थांबलंय?”

मी विचार केला. गेल्या तासाभरात पहिल्यांदाच.

“काहीच नाही, सर,” मी म्हणाले.

“बरोबर,” विभागप्रमुख म्हणाले. “उतरा आता. सावकाश उतरा, बाई. तुम्हाला काही घाई राहिलेली नाही.”