हसनभाईंच्या फेऱ्या

आमच्या शेजारच्या हसनभाईंना सरळ पळता येत नाही. पायात काही खोट नाही हो, सत्तरीला टेकले तरी पाय सागवानी! पण पळायचं म्हटलं की त्यांना कशाच्या तरी भोवतीच पळावं लागतं. आरे-वारेला एवढा लांबलचक किनारा पडलेला. आम्ही सगळे वाळूतून नाकासमोर धावतो, आणि हे वर रस्त्यावर उभ्या रिक्षाभोवती गोल गोल. शिवाय मोठ्याने मोजणार, "सदतीस! अडतीस!" पहिल्या दिवशी रिक्षावाल्याला वाटलं, म्हातारा गाडीची दृष्ट काढतोय.

"बाई, तीस वर्षं जहाजावर काढली," ते मला सांगतात. मी शाळेत शिकवायची, म्हणून सगळ्यांची बाई. "डेकवर फेऱ्याच मारायच्या. सरळ पळणारा पाण्यात जातो!"

मला पळायला लावलं रक्तातल्या साखरेने. तेव्हा मुंबईच्या वाटेवरच्या एका थीम पार्कात दोन दिवसांची धावण्याची जत्रा आहे, असं कळल्यावर मी नाक मुरडलं. हसनभाईंनी मात्र त्याच दिवशी मेडलसाठी भिंतीत खिळा ठोकला. शनिवारी पाच किलोमीटर, रविवारी दहा, दोन्ही वेळेत पुरे केले तरच मेडल. त्यांची मुलगी नसीम दोह्याला नर्स आहे, ती महिनाभराच्या सुट्टीवर आली होती. "तिच्यासमोर एक तरी गोष्ट वेळेवर करून दाखवतो," म्हणाले. मग तिलाही ओढली.

जाताना गाडीत नसीम माझ्याजवळ बसली होती. पुढच्या सीटवर हसनभाई तोंडावर टोपी ओढून झोपलेले.

"लहानपणी महिन्याच्या सुट्टीवर अब्बा यायचे, आता मी येते," ती हसत म्हणाली. "दर वर्षी कुठल्या कुठल्या बंदरातून बाहुली आणायचे. पण उरुसाला कधी घरी नसायचे. तिथे लाकडी घोड्यांचा पाळणा यायचा. बाकीच्या मुलींचे बाप घोड्याला धरून बाजूने पळायचे. मी बसलेच नाही कधी. पडले तर धरणार कोण?"

मी तिला आंबापोळी दिली.

शनिवारी हसनभाई जहाजावरचा नारिंगी बॉयलर सूट घालून उतरले. पाठीला पंख लावून धावायला आलेल्या पुण्याच्या पऱ्यासुद्धा वळून बघायला लागल्या. वाटेत दिसेल त्या पुतळ्याला यांची फेरी! प्लास्टरच्या हत्तीला तर तीन. पाच किलोमीटरचे सात केले आणि जेमतेम वेळेत पोचले.

रविवारीही तोच सूट. नसीमने त्यांची बाही धरली. "अब्बा, आज सरळ."

आणि आयशप्पत, माणूस सरळ पळाला! पहाटेचं धुकं खाली उतरलेलं होतं. पुठ्ठ्याचे राजवाडे खरे वाटत होते, बंद पडलेला उंच पाळणा अर्धाच दिसत होता. आमच्या पावलांचा तेवढा आवाज. आपण रत्नागिरीच्या साध्या माणसांनी कुणाच्या तरी स्वप्नातून हळूच पळत जावं, तसं वाटत होतं. माझा गुडघासुद्धा कुरकुरायचा थांबला.

शेवटचा किलोमीटर उरला. हातात दहा मिनिटं होती, म्हणजे मेडल खिशातच. तेवढ्यात वळणावर दिवे दिसले. धावणाऱ्यांच्या फोटोसाठी लाकडी घोड्यांचा पाळणा चालू ठेवला होता. रिकामाच फिरत होता.

हसनभाई थांबले. पाळणेवाल्याला हात करून त्यांनी पाळणा थांबवायला लावला.

"नसीम, बस गो."

"अब्बा, वेळ संपेल! मी चाळीस वर्षांची आहे!"

"बस म्हटलं ना. मी धरतो."

म्हणजे गाडीत टोपीखाली हा माणूस जागा होता!

नसीम माझ्याकडे बघत राहिली. मग चढली, पांढऱ्या घोड्यावर बसली. पाळणा हलला, आणि हसनभाई एका हाताने घोड्याचा दांडा धरून बाजूने पळायला लागले. पाळणेवाला ओरडला, "काका, बाजूला व्हा!" मी त्याला शाळेतला आवाज काढून गप्प बसवला. धुक्यातून नारिंगी सूट यायचा, जायचा, परत यायचा. पहिल्या फेरीला नसीम लाजून हसत होती. पुढे रडायला लागली, आणि रडतानाच ओरडली, "अब्बा, सोडू नका हां!"

"नाय गो सोडत!"

तिकडे लांबवर वेळ संपल्याची शिट्टी झाली. मीही जागची हलले नाही. मेलं ते मेडल!

शेवटी पाळणा थांबला. हसनभाई कठड्याला धरून धापा टाकत होते. डोळ्यांतलं पाणी लपवायला मला काहीतरी बोलायला हवं होतं.

"हसनभाई, किती झाल्या?"

त्यांनी नसीमला हात देऊन घोड्यावरून खाली उतरवलं आणि तो हात तसाच धरून ठेवला.

"मोजल्या नाहीत, बाई."