गजामामा आणि आखातातली फौज

पेणच्या एसटी स्टँडबाहेरच्या चहाच्या टपरीवर गजामामांसमोरची बशी उचलायला बंदी होती. ती बशी म्हणजे सौदी अरेबिया. कप म्हणजे कुवेत आणि साखरेची बरणी म्हणजे अमेरिकेचं जहाज.

"हात लावू नको, फौज उतरतेय!" मामा ओरडायचे. टपरीवाला मुकाट दुसरी बशी शोधायचा.

मामा कासूजवळच्या मिठागरात कामाला. शिक्षण चौथी. पावसाळ्यात मिठागर बंद, मग लक्ष जगावर. इराकने कुवेत गिळलं, अमेरिकेची फौज सौदीत उतरली, त्या वर्षी तर विचारूच नका. मामींनाही सोडायचे नाहीत.

"तुझं मत काय गो? फौज ठेवायची का काडायची?"

"आधी दार लावा, मांजर शिरतंय," मामी म्हणायच्या.

मामांचं मत मात्र पक्कं. "मदतीला आलेला पावना पयला ओट्यावर बसतो. मंग त्याची खाट आत येते. मंग तोच इचारतो, तुमी कोन?"

मी त्यांची भाची, रोह्याच्या शाळेत शिक्षिका. नवरात्रात आमच्या वाचनालयाने याच विषयावर वादसभा ठेवली, तेव्हा मामांचं नाव मीच दिलं. मामा खिशाला तीन पेनं लावून आले. चालणारं त्यात एकच. समोर एक वकील, पुढ्यात जाडजूड इंग्रजी पुस्तकं.

पाच मिनिटांत मामांनी सभा जिंकली. खाटेच्या गोष्टीला तर वकीलसाहेबही खो-खो हसले. माझी मान ताठ झाली होती.

तेवढ्यात शेजारी बसलेली हमीदा उभी राहिली. माझी शेजारीण. तिचा नवरा इकबाल कुवेतला ड्रायव्हर, गणपतीच्या आधीपासून त्याचं पत्र नव्हतं.

"मामा," ती म्हणाली, "फौज परत गेली तर माझ्या माणसाला कोण सोडवणार?"

या प्रश्नाचं मामांचं उत्तर मी त्यांच्या घरी पन्नासदा ऐकलं होतं: "लढाईत थोडी मानसं जायाचीच." त्यांनी तोंड उघडलं, हमीदाकडे पाहिलं आणि मिटलं.

"माज्याकडं उत्तर नाय, बाय," म्हणाले, आणि खाली बसले. बक्षीस वकिलांना गेलं.

घरी येताना मी चिडून विचारलं, "मामा, उत्तर होतं की!"

"व्हतं गो. पन ते तिला देन्यासारखं नव्हतं."

एवढा अभिमान मला कुठल्या बक्षिसाचाही वाटला नसता.

दिवाळीच्या तोंडावर इकबाल जॉर्डनच्या अम्मानमार्गे सुखरूप परतला. कळताच मामा पहिल्या गाडीने रोह्याला हजर. मी मनात म्हटलं, आता इकबालची सुटका नाही. फौज डोळ्यांनी पाहिलेला माणूस मामांना आयुष्यात प्रथमच भेटत होता!

इकबाल दारात आला. वाळलेला, दाढी वाढलेली. मामांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"जेवलास काय रं?" एवढंच विचारलं.